फाट्यावरचा कांडीपाव

२१ नोव्हेंबर १९७४, गुरुवार

गाडी उभी राहिली! नसरापूर फाट्यावर, कडुलिंबाखाली. सोनबा सुतारानं निळा रंग दिला आहे, अगदी शाळेतल्या आमच्या रिबिनीचा निळा.

स्टोव्ह पेटवला, खिम्याच्या कांड्या तव्यावर टाकल्या, आणि वाट पाहत बसलो मी आणि शेजारची कमळाबाई. कोणी फिरकेना. शेवटी तीच कपाळावर हात मारून म्हणाली, "अवो बाई, आज बेस्तरवार! वशाट कोण खाईल?"

आणि दोघींच्याही हे आत्ता लक्षात आलं! सगळ्या कांड्या आम्हीच खाल्ल्या. रिटायर झालेली बाई मी, शाळकरी पोरीसारखी खुळी हसत होते.

२२ नोव्हेंबर

पहिलं गिऱ्हाईक – आनंदराव, भोर एस्टीचे कंडक्टर. "ह्याला म्हनायचं काय?" मी हॉट डॉग म्हणाले. त्यांना ते पटेना. "कांडीपाव म्हना की!" झालं बारसं.

मी वाटलेली मोहरी मात्र त्यांच्या नाकात गेली. डोळ्यांतून पाणी! कमळाबाईनं मुकाट्यानं वर लसणाची चटणी घातली. आनंदरावांनी लगेच दुसरा मागून घेतला.

पुण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये वर्षातून एकदा, जत्रेच्या दिवशी, सिस्टर क्लारा हा पाव हातात द्यायच्या. एरवी काटा-चमचा, पाठ ताठ. त्या दिवशी गवतावर बसून बोटं चाटायची मुभा. मला वाटतं, त्या पावापेक्षा मला ती मुभाच आवडायची.

२४ नोव्हेंबर

बाजाराचा दिवस. गडीमाणसांची झुंबड! बायका मात्र लांबून वळसा घालून जात होत्या. एकीनं "पोराला" म्हणून पाव घेतला. पोर कुठंच नव्हतं. गाडीमागं जाऊन, लिंबाकडं तोंड करून, पदराआड भराभर खाल्ला तिनं.

मी कमळाबाईला विचारलं. "बाईमानूस सडकंवर त्वांड हलवंल व्हय? सासरा, दीर, कोनबी जातंय की!"

तिनं स्वतःही आजवर गाडीवर एक घास खाल्लेला नाही, गुरुवार सोडून. तेव्हा रस्ता रिकामा होता. मला कळलंच नव्हतं.

२५ नोव्हेंबर

सोमवार. गाडी बंद. डोकं चालू.

२६ नोव्हेंबर

गाडी फिरवली! पाठ सडकेकडं, तोंड लिंबाकडं. बाजूनं गोणपाट बांधलं. पुरुषांनी मागून हात घालून पाव न्यावा. बायकांनी आत यावं.

आधी दोघी आल्या. मग पाच-सहा. मग मोजलं नाही. कामथडीची एक म्हातारी पाव हातात धरून नुसती बघत होती. "घरात समद्यांचं झाल्याव खाती मी. आज पयली मी!" एवढं बोलून खाल्ला. मग अशा हसल्या सगळ्या! बाहेरून आनंदराव ओरडले, "आत तमाशा हाय का काय?" आतून कोणीतरी – "हाय, पन तिकीट तुमाला न्हाई!"

मला सिस्टर क्लारांचं गवत आठवलं.

२८ नोव्हेंबर

कमळाबाईच्या सासूबाई, बयाबाई, आल्या होत्या. ओट्यावर बसा म्हटलं तर बसल्या नाहीत.

"बाई, तुमी एकल्या. तुमाला कोन बोलनार न्हाई. माजी सून बायांना सडकंवर खायाला शिकवती म्हंत्यात. आमचं साहेबराव भावजी पंच हायेत, त्यास्नी काय त्वांड दावू? ह्या बाजारापातूर चालू द्या. मंग बास."

 माझी मनगटं आता खिमा मळत नाहीत. कमळाबाई नाही तर गाडी नाही. आणि खरं सांगायचं तर, खिम्याचं राहू दे – ती नाही तर मी दिवसभर हसणार कोणाशी?

३० नोव्हेंबर

कमळाबाई खिमा मळत होती. मी विचारलं, तुला काय वाटतं? "आत्याबाईंच्या म्होरं मला काय वाटत न्हाई." आणि खिम्यावर अशी मूठ हाणली!

१ डिसेंबर

बाजार. शेवटचा म्हणून दुप्पट पाव मागवले. भर गर्दीत गोणपाट बाजूला सारून बयाबाई आत! सगळ्यांचे घास तोंडात थांबले. कमळाबाईनं डोईवर पदर ओढला.

मी सरळ पाव पुढं केला.

"मी? ह्या वयात?"

कामथडीची ती म्हातारी सरकून जागा करत म्हणाली, "ये गं बये, माजं वय काय कवळं हाय?"

बयाबाई आमच्याकडं पाठ करून उभ्या राहिल्या. खांदे हलताना दिसत होते. खाताहेत की रडताहेत, समजेना. मग वळल्या. हनुवटीला चटणी लागलेली.

"मीठ कमी हाय." एवढंच. गेल्या.

ना हो म्हणाल्या, ना नाही!

२ डिसेंबर

सोमवार. शेजारच्या घरातून आवाज नाही.

३ डिसेंबर

सकाळी फाट्यावर गेले तर बयाबाई माझ्या आधी हजर, पदर खोचून, गाडीच्या सडकेकडच्या अंगाला, थेट रस्त्याकडं तोंड करून. कमळाबाई शेजारी खिमा मळते आहे, ओठ दाबून, हसू आवरत. तेवढ्यात साहेबराव सायकलवरून आले आणि मान खाली घालून निघून जायला लागले.

"भावजी!" बयाबाईंची हाक पार नसरापुरापर्यंत गेली असेल. "उतरा खाली! वैनीच्या हातचं खाऊन जावा!"

उतरले.