नाल्यात फक्त बेडूक आहेत

कोठीधार, हिमाचल
२० जून २०२५

चि. सुजीत यास अनेक आशीर्वाद.

आजची ताजी बातमी: नदी गेली. वर बर्फ वितळतोय, त्यात परवाचा पाऊस. पाणी राखेसारखं झालंय. मत्स्य खात्याच्या वासुदेवने सकाळी पुलावरची पट्टी बघून सांगितलं की पाणी कमरेच्या वर आहे आणि सप्टेंबरपर्यंत निवळायचं नाव नाही. अशा पाण्यात ट्राउटला गळावरची पिसांची माशी दिसतच नाही. फसायलासुद्धा थोडा उजेड लागतो.

तेव्हा जुलैत येऊ नकोस, सप्टेंबरच्या शेवटी ये. दरवर्षी तू ‘पुढच्या वर्षी, इन्शाल्ला’ लिहितोस. आठ वर्षांत मला तेवढंच अरबी आलं. पण आता पुढचं वर्ष नाही. ६ ऑक्टोबरला पुण्यात गुडघ्याचं ऑपरेशन आहे. त्यानंतर गार पाण्यात उभं राहायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. हे घरही मालकाला परत देतोय.

मी दिलेला रॉड अजून कपाटावरच असेल.

रेंज फक्त पुलावर, म्हणून या पत्राचा फोटो तुझी ताई तिथून पाठवेल. लोभ नदीसारखा चढता असू दे, गढूळ नको.

राजाभाऊ

अबुधाबी
२३ जून

ती. दाजींस शि. सा. न.

रॉड कपाटावर नाही, गाडीत आहे. बाहेर सेहेचाळीस डिग्री, त्यामुळे बिल्डिंगच्या बेसमेंट पार्किंगमध्ये प्रॅक्टिस करतो. काल माशी एका मोठ्या पांढऱ्या गाडीच्या वायपरला लागली. वॉचमन यूनुसभाईंनी गंभीरपणे विचारलं, की साब, हिचं वजन किती भरेल.

तुमची नदी अकरा डिग्री. इथे गार पाण्याच्या नळाला चहाचं पाणी येतं; आंघोळीला बंद ठेवलेल्या गिझरमध्ये निवलेलं घ्यावं लागतं. तुमच्या भाचीने, शुभ्राने, ‘आय ॲम नॉट टचिंग एनी फिश’ असं जाहीर केलंय, आणि दोन दिवसांनी रबरी बूट तिच्या साइजचे आहेत का तेही विचारलंय.

सप्टेंबरमध्ये प्लांटचं शटडाउन असतं, तेव्हा रजा मिळत नाही, आणि तिची शाळाही सुरू असते. रजा १० जुलैपासून अप्रूव्ह झाली, तिकिटं काढली, ती परत होत नाहीत. आम्ही १२ला पोचतो. यल्ला, म्हणजे ‘चला’. येतोय.

तिकडे दुसरं निवळ पाणी नाहीच का? घरामागच्या नाल्याचं विचारलं की तुम्ही दरवेळी लिहिता, त्यात फक्त बेडूक आहेत. तसंच असेल तर ओसरीवर बसून तुमच्या ट्राउटची गोष्ट ऐकू. ती पकडली तेव्हा बारा इंच होती, मागच्या दिवाळीपर्यंत अठरा झाली.

चेष्टा पुरे. मला एकदा तुमच्याबरोबर त्या पाण्यात उभं राहायचंय, एवढंच.

ताईला नमस्कार. राग गिळावा, लोभ ठेवावा.

सुजीत

कोठीधार
२६ जून

चि. सुजीत, शुभाशीर्वाद.

तुझं पत्र यांना वाचून दाखवलं. शेवटचं वाक्य पुन्हा वाचायला लावलं आणि चष्मा पुसत बाहेर गेले.

आता माझं ऐक. हे गृहस्थ बारा वर्षं दर मंगळवारी भाजी आणायला जातात. मोजे ओले करून येतात आणि भाजी विसरतात. माश्यांचा ठेवणीतला डबा मात्र आठवणीने नेतात. बेडकांसाठी कोण एवढा थाट करतो? आज चहाच्या वेळी म्हटलं, मंगळवारची भाजी कुठे मिळते ते सुजीतला तुम्ही सांगता की मी सांगू? चहा तसाच ठेवून माश्यांचा डबा पुसायला लागले.

येताना खजूर आण. पत्र यांच्या हाती लागू देऊ नकोस.

तुझी छायाताई

कोठीधार
३ जुलै

चि. सुजीत यास आशीर्वाद, तुझ्या बहिणीस वगळून.

मंगळवारच्या भाजीची फितुरी झाली आहे, तेव्हा कबूल करतो. नाल्यात ट्राउट आहेत. नाला देवदाराच्या जंगलातून झऱ्याच्या पाण्यावर येतो, बर्फाचा त्याला पत्ता नाही. दोन दिवस पाऊस झाला, तरी आज सकाळी गुडघाभर पाण्यात मला माझी बोटं दिसत होती. वासुदेवकडे तुमच्या परवान्यांचं बोललो, तर तो हसला. त्यालाही बारा वर्षं माहीत होतं. म्हणजे गुपित मी फक्त तुझ्यापासूनच ठेवलं होतं. चुकलंच.

नियम ऐक. मासा ओल्या हाताने धरून लगेच सोडायचा. फोटो फेसबुकवर टाकायचा नाही. नाला अरुंद आहे, उभं राहिलं की सावली पडते आणि मासे पळतात, म्हणून गुडघ्यावर बसून माशी टाकावी लागते. ते मला चैत्रापासून जमत नाही. या वर्षीचे मंगळवार मी मोजे भिजवून नुसताच परत आलोय, हे तुझ्या ताईला माहीत नाही. हे पत्रही तीच पाठवणार, म्हणजे आता कळेल.

तर बसशील तू, तुझ्या शेजारी शुभ्रा. मी मागच्या दगडावर.

वासुदेवच्या अंदाजाने १० आणि ११ला पाऊस आहे, मग उघडीप. नाला थोडा गढूळ झालाच, तरी १२च्या दुपारपर्यंत निवळेल. रविवारी १३ला, साडेपाचला निघायचं. मासा लागला तर ओरडू नकोस, नुसता हात वर कर. मला मागून दिसेल.

राजाभाऊ