क्रेनच्या स्क्रीनवरचा गोल

१२ फेब्रुवारी, गुरुवार

झालं! सुमेध सरांनी माझी तक्रार ‘मायनर’मध्ये, म्हणजे ‘नंतर पाहू’च्या यादीत ढकलली. कुम्हारीच्या रोलिंग मिलसाठी आम्ही ॲप करतोय. क्रेनच्या केबिनमध्ये स्क्रीन, त्यावर एकच गोल. खाली माणूस असला की लाल, जागा मोकळी असली की हिरवा. मी लिहिलं होतं — नुसत्या रंगावर ठेवू नका, आत ‘थांबा’, ‘चला’ असे शब्द टाका. सर म्हणाले, “रेणू, क्रेनवाल्याचे डोळे दरवर्षी तपासतात. ज्याले रंग दिसत नाही तो केबिनपर्यंत पोचनार कसा?”

बरोबरच आहे म्हणा. पण टेस्टिंग करून करून संशयाची खोड लागलीय. नवरा त्याच मिलमध्ये क्रेन चालवतो, उद्या त्यालाच दाखवते.

१३ फेब्रुवारी

जेवताना प्रवीणसमोर फोन धरला. लाल गोल. म्हणाला, “हिरवा. मस्त दिसून राहिला.” मला वाटलं, थट्टा! मग हिरवा दाखवला. त्यानं आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग म्हणाला, “हा लाल.”

मी हसले. तो हसला नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

आज आमची लेक समीक्षा शेजारी खेळायला गेली तेव्हा बोलला. तपासणीचं ठिपक्यांचं पुस्तक दरवर्षी तेच असतं — पानामागून पान, आकडे पाठ केलेत त्यानं! “चौकात वरचा लाल, खालचा हिरवा, तेवढं समजते. मिलमधी चंपत खाली उभा राहून हात दाखवते. मले रंगाचं कामच नाही पडत.” मग हळूच — “कोनाले सांगू नको. क्रेन गेली तर मी कोन राहिलो?”

असा राग आला! सहा वर्षांचा संसार आणि एक अक्षर नाही. मग लक्षात आलं. हे ॲप आलं की हात दाखवणारा नाही. चंपत खाली माल रचायला जाणार. त्याच क्रेनखाली.

१६ फेब्रुवारी

सरांकडे पुन्हा गेले. म्हणाले, “कोनाचं अडलं आहे का? नाव सांग, आत्ता बदलतो. नाहीतर ट्रायल झाल्यावर पाहू.” नाव जिभेवर आलं आणि गिळलं. कसली भित्री बाई मी!

१७ फेब्रुवारी

काही सुचत नाही. भाजी करपली. समीक्षावर उगाच ओरडले.

१८ फेब्रुवारी

उद्या ट्रायल. प्रवीणला म्हटलं, तू सांग, नाहीतर मी सांगते.

“तू सांगशील?”

“हो.”

ताट सरकवून उठला. मी पण नाही जेवले. आज माझी त्याच्यावर माया आहे की नाही, तेच मला कळत नाहीये. चंपतला दोन लेकरं आहेत, एवढंच डोक्यात फिरतंय.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

मिलमध्ये ट्रायलला सगळे जमले. मी तोंड उघडणार, तोच प्रवीण केबिनमधून शिडीनं खाली आला. सगळ्यांसमोर म्हणाला, “सर, गोलात शब्द लिहा. मले लाल-हिरवा समजत नाही. कधीच समजला नाही.”

शब्द टाकायचं ठरलं. त्याला मात्र तिथल्या तिथे क्रेनवरून उतरवलं.

घरी येऊन त्यानं माझ्या कुर्त्याची बाही धरली. मग मला म्हणाला, “हा कुर्ता कोन्या रंगाचा आहे व?”

सहा वर्षांत पहिल्यांदाच विचारलं.