आतली खोली आणि ऐकीव पुरावा

ती. मामांना भाच्याचा साष्टांग नमस्कार.

तुमच्या गुडघ्याची सूज आणि मामींचा माझ्यावरचा राग, दोन्ही एव्हाना उतरले असतील असं धरून चालतो. माझी तब्येत वरून ठणठणीत आहे. आतून जळतोय, त्यावर औषध नाही.

कारण आमच्या ऑफिसातला नवा ज्युनिअर. (मी त्याला मनातल्या मनात 'इस्त्री' म्हणतो. संध्याकाळीसुद्धा शर्टाला सुरकुती नसते.) आमच्या वकीलसाहेबांनी अशिलांसाठी दिवाणी दाव्यांतल्या शब्दांची पुस्तिका काढायला घेतली आणि 'ऐकीव पुरावा' माझ्या वाट्याला आला. मी 'विधान', 'मूळ वक्ता', सगळ्यांना पोटकलमं लावून अशी व्याख्या लिहिली, की वाचताना मलाच मध्ये दम खावा लागला. इस्त्री माझ्या खांद्यावरून डोकावला (कुणी बोलावलं होतं?) आणि म्हणाला, "ज्याचं म्हणणं आहे तो कोर्टात नाही, दुसराच येऊन ते सांगतो आणि खरं धरा म्हणतो, तो ऐकीव पुरावा." साहेबांनी तीच ठेवली. इतकी वर्षं त्यांच्या फायली उपसतोय, पण माझ्या वाक्याला त्यांनी कधी मान डोलावली नाही.

त्यातच टायपिस्टबाई म्हणाल्या, शिपायाने ऐकलंय की साहेब आतली खोली इस्त्रीला देणार. आतली खोली, मामा! खिडकी, पंखा, दारावर नावाची पाटी. (मी अजून फायलींच्या कपाटाला चिकटून बसतो. कुणी कपाट उघडलं की मला उठावं लागतं.) तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच भरात 'ऐकिवावरचं ऐकीव' याचं उदाहरण लिहायचं होतं, तिथे मी हेच नावानिशी लिहून टाकलं. नंतर बदलू म्हटलं आणि विसरलो. कच्ची छपाई थेट साहेबांच्या टेबलावर.

त्यांनी बोलावलं. मी राजीनाम्याची वाक्यं जुळवत आत गेलो. ते शांतपणे म्हणाले, "उदाहरण चोख आहे. पण मूळ वक्ता, म्हणजे मी, तुझ्या पलीकडच्याच खोलीत बसलेलो असताना शिपायाच्या बोलण्याला एवढं वजन कशाला दिलंस?" मग खरं कळलं. खोली त्यांनी इस्त्रीला देऊ केली होती, आणि त्यानेच सांगितलं की आधी हक्क माझा. मामा, तो मुलगा वाईट निघाला असता तर किती बरं झालं असतं! आता हेवा करायला तोंड उरलेलं नाही, तरी करतोय.

मामींना नमस्कार सांगा. (राग उतरला नसेल तर नंतर सांगा.)

तुमचा,
भाचा

ता. क. खोली मिळाली. खिडकीतून शेजारची भिंत दिसते आणि दारातून इस्त्रीचं टेबल. अशील सगळे तिथेच अडतात.

आणखी ता. क. तुमच्या त्या लांबच्या शहरातल्या वकीलमित्रांना हुशार ज्युनिअर हवा होता ना? इस्त्रीचं नाव सुचवा. कुणी सांगितलं असं विचारलं, तर म्हणा, असंच कुठेतरी ऐकलं.