पुढचं चाक माझं, मागचं बाबांचं

ती. आत्यास,

नमस्कार. साष्टांग घातला असता, पण खोलीभर जमिनीवर चाकं आडवी ठेवली आहेत आणि त्यांना धक्का लागून चालणार नाही, तेव्हा उभ्याउभ्याच मान्य करून घे. तुझा गुडघा कसा आहे? जिने चढणं थांबवलंस का, की पेशंटना सांगायचं आणि स्वतः चढायचं, हे अजून चालूच आहे? (आयुष्यभर वॉर्ड सांभाळलेल्या बाईला हे विचारायचा मला अधिकार नाही. आईने विचारायला सांगितलं.) इकडे सगळे ठीक. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर मी काहीही बोलले की बाबा शेजारच्या खोलीतून त्याचं उत्तर देतात.

विषय टायरचा आहे. येत्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या रविवारी माझी सायकलची शर्यत आहे. चढ मला जमतो. चढानंतर लांबलचक, वळणांचा उतार आहे. गेल्या वर्षी मी तिथेच पडले आणि उरलेली शर्यत रस्त्याकडेला बसून पाहिली. या वर्षी क्लबने मला हलकी चाकं वापरायला दिली आहेत. त्यांना नेहमीचा टायर बसत नाही. ट्यूब आत घालून शिवून टाकलेला, नळीसारखा गोल टायर लागतो आणि तो रिमवर गमने चिकटवतात. त्याला धरून ठेवणारं दुसरं काहीही नसतं. गम चांगला असेल तर पंक्चर झालं तरी टायर जागचा हलत नाही आणि माणूस सरळ थांबू शकतो. गम वाईट असेल तर वळणावर टायर रिमवरून उतरतो. पुढचं वर्णन तुला नको.

आता अडचण तुझ्या लक्षात आली असेल. मी प्रयोगशाळेत दिवसभर चिकटलेल्या गोष्टी यंत्रावर ओढते आणि किती जोर लागला ते लिहून ठेवते. तुझा धाकटा भाऊ आयुष्यभर बुटांचे तळ चिकटवत आला. एका घरात चिकटवण्याचे दोन जाणकार, आणि दोघांचं एकमेकांशी अजिबात चिकटत नाही.

सुरुवात दुकानातच झाली. मी तक्ता करून गेले होते: रुंदी, वजन, हवेचा दाब, कापड सुती की नायलॉनचं. बाबांनी तक्ता पाहिला नाही. त्यांनी एकेक टायर हातात घेऊन वाकवला, नखाने खरवडला, नाकाला लावला आणि खाली ठेवला. दुकानदार शेवटी म्हणाला, "काका, चप्पल नाहीये ती." बाबा म्हणाले, "पायाखालीच असणार ना?" (दुकानदार यावर हसला. मी नाही.) मी सगळ्यात हलका, सुती टायर निवडला, रस्त्यावर तो सगळ्यात कमी अडखळतो. घरी येऊन पिशवी उघडली तर आत जाड पट्टीचे, वजनदार टायर. मी पीठ मोजायच्या काट्यावर ते मोजले, पुन्हा मोजले, दुकानात फोन केला. दुकानदार म्हणाला, तुमच्या वडिलांनी डोळ्याने खुणावलं, मला वाटलं घरात ठरलंय. मी टायर परत केले नाहीत. कारण विचारू नकोस, माझ्याकडे तांत्रिक कारण नाही.

असे टायर नवे असताना इतके घट्ट असतात की आधी जुन्या रिमवर चढवून ताणून ठेवावे लागतात. ती दोन वर्तुळं आठवडाभर आईच्या कपाटाच्या दारांना लटकत होती. पहिल्या दिवशी आई बोलली, दुसऱ्या दिवशी बोलली नाही, तिसऱ्या दिवशी तिने त्यांवर ओले मोजे वाळत घातले. (आता उठून पुढचं चाक बघून आले. ठीक आहे. हे पत्र लिहिताना मी असं तीन-चारदा उठले आहे, तेव्हा अक्षर मधूनच बदललेलं दिसेल.)

मग गम. रिमचा गम पातळ लावायचा, सुकू द्यायचा, परत लावायचा. तो पूर्ण कडक होत नाही, आणि टायर बसवल्यावरही थोडा वेळ सरकवून सरळ करता येतो. बाबांचं बुटांचं सोल्युशन पिवळं. एकदा टेकलं की टेकलं, वाकडं तर वाकडं. शिवाय उतारावर ब्रेक दाबून रिम तापते आणि तापल्यावर ते मऊ पडतं. हे मी आकड्यांनिशी सांगितलं. बाबा म्हणाले, "इतकी वर्षं लोकांना माझ्या सोल्युशनवर उभं केलंय. एकाचा तरी तळ निघाला?" मी म्हटलं, लोक बूट घालून उतारावर ब्रेक दाबत नाहीत. ते म्हणाले, "तू कशाला दाबतेस मग?" मी परत आकडे सांगितले. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "एकीचा गम, एकाचं सोल्युशन, आणि प्रॉब्लेम मात्र माझ्या टेबलावर." शेवटी निवाडाही तिनेच केला. पुढचं चाक माझं, मागचं बाबांचं, आणि टेबल आजच्या आज रिकामं.

तू म्हणशील, सरळ नाही म्हणायचं होतं. म्हणता आलं असतं. पण बुटांचा कारखाना विकल्यापासून बाबा सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसतात आणि कुठेही जात नाहीत. त्या दिवशी त्यांनी माळ्यावरून हत्यारांची पेटी स्वतः उतरवली, ब्रश धुतले, बाह्या दुमडल्या. ही नोंद फक्त माहितीसाठी.

त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं. काम चालू असताना हाताकडे बघायचं नसतं म्हणे. घरभर पिवळ्या सोल्युशनचा वास सुटला, आईने खिडक्या उघडल्या, मी दाराबाहेर येरझाऱ्या घातल्या. बाबा बाहेर आले तेव्हा नाकाच्या शेंड्यावर पिवळा ठिपका होता आणि चेहरा असा, की मी म्हणाले, छान झालंय. तेव्हापासून मला नीट बसवत नाही. जेवताना उठते, कामावर भलताच नमुना यंत्रावर ओढते, परवा एका तुकड्यावर मोजमापाऐवजी "उतार" असं लिहून आले. आमच्या साहेबांनी विचारलं, हे कुठलं एकक?

असो. बाकी विशेष काही नाही, तुझ्याकडे काही मागणंही नाही. गुडघ्याला जप.

तुझी,
भाची

ता. क. मागणं आहे. या शनिवारी बाबांना दोन दिवसांसाठी तुझ्याकडे बोलावून घे. दार करकरतंय, चप्पल तुटली, काहीही सांग. तुझा शब्द ते मोडत नाहीत. ते नसताना मी मागचा टायर काढून माझ्या गमने परत बसवीन. त्यांना कळणार नाही. कळलं तर तू मला सांगितलं होतंस असं म्हणू का?

ता. क. २. बोलावू नकोस. पत्र बंद करायच्या आधी राहवलं नाही म्हणून मागचं चाक उचलून फिरवलं. सरळ फिरतं, कुठे झोल नाही. पिवळ्या सोल्युशनवर ते शक्य नाही. कडेला किंचित उचलून पाहिलं, तर आतला थर पिवळा नव्हताच. माझा गमचा डबा उघडला, तो बराच खाली गेलेला. म्हणजे दार लावून बाबांनी माझाच गम लावला, मी सांगितला तसा, पातळ, थरावर थर. आणि पिवळ्या सोल्युशनचा डबा शेजारी नुसता वासासाठी उघडा ठेवला. (नाकावरचा ठिपका त्यांनी मुद्दाम लावला होता का, ते ठरवता येत नाही.) जेवताना ते आईला सांगत होते, "मागचं चाक बघ, शेवटपर्यंत हलणार नाही." मी म्हटलं, हो बाबा, सोल्युशन तुमचं आहे.

ता. क. ३. तर बाबांना बोलावण्याऐवजी तूच ये, शर्यतीच्या आदल्या दिवशी. ते उताराच्या शेवटच्या वळणावर उभे राहणार म्हणतात आणि आई येत नाही म्हणते. त्यांच्याजवळ कुणीतरी असावं. टायर, रिम, गम, सगळं तपासलंय, काळजीचं काहीच कारण नाही. येताना तुझी मलमपट्टीची बॅग घे, पण गाडीतच ठेव. बाबांना दिसायला नको. मलाही नको.