त्या काचा स्वच्छ होत्या

मी, डॉ. कुमुद विनायक टिपणीस, वय बहात्तर, पूर्वी सूक्ष्मजीवशास्त्राची प्राध्यापक, आता निवृत्त, राहणार नवीन पनवेल, हे मृत्युपत्र घरच्या जेवणाच्या टेबलावर बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. आमचे डॉक्टर निनाद पाटणकर यांनी काल तपासून तसे लिहून दिले; शंभरातून सात-सात वजा करायला लावले, तेव्हा मधे तेच एकदा चुकले. मला कोणी धाक घातलेला नाही, की कोणी गळ घातलेली नाही. उलट माझी मुलगी रेवा हिने "आई, आत्ताच कशाला?" म्हणून दोनदा कागद उचलून ठेवले.

आत्ताच अशासाठी, की येत्या सोमवारी माझ्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया आहे. सहा वर्षांपूर्वी बसवलेल्या कृत्रिम सांध्यावर जंतूंनी थर धरला आहे. निनाद मला समजावत होते, "मॅडम, हे जंतू सुटे नसतात. एकमेकांना धरून चिकट थर करतात आणि आत दडून बसतात. औषध तिथे पुरेसं काम करत नाही. सांधाच काढावा लागेल." मी त्यांना मधे तोडले नाही. हेच मी एकतीस वर्षे वर्गात सांगत आले. स्वतःच्या गुडघ्याबद्दल, दुसऱ्याच्या तोंडून, पहिल्यांदाच ऐकत होते. चांगले सांगितले त्यांनी.

कलम १. नवीन पनवेलचा राहता फ्लॅट, त्यातील सामान आणि बँकेतील ठेवी माझ्या पश्चात रेवाच्या. हा फ्लॅट आम्ही १९८८ साली घेतला, तेव्हा आजूबाजूला निम्म्या इमारतींना रंगही नव्हता. राहायला आल्यावर आठवड्याभरात मी गच्चीवरच्या टाकीत वाकून आतला बुळबुळीत थर चमच्याने खरवडत होते. खालच्या मजल्यावरच्या बाईंना वाटले, सोसायटीने टाकी धुवायला माणूस ठेवला. त्यांनी मला चहा विचारला आणि पुढच्या महिन्याची तारीखही. रेवाने फ्लॅट विकला तरी माझी हरकत नाही.

कलम २. माझे यजमान कै. विनायक यांची दुर्बीण नात इरा हिला. रविवारी आम्ही कर्नाळ्याला जायचो. ते मान वर करून पक्षी शोधायचे, मी खाली वाकून ओढ्यातल्या दगडांवरचा थर गोळा करायचे. "आपण दोघं एकाच जंगलात आलोय ना?" असे ते विचारायचे. ते गेल्याला नऊ वर्षे झाली. त्यानंतर मी कर्नाळ्याला गेलेले नाही. इराने जावे.

कलम ३. माझा सूक्ष्मदर्शक, प्रयोगांच्या चौतीस वह्या आणि तेलाखाली जपलेले जंतूंचे वाण माझ्या जुन्या महाविद्यालयातील विभागाला. प्रत्येक वाण कुठल्या टाकीतून, नळातून किंवा जखमेतून आला ते वहीत आहे. माझे अक्षर लागले नाही तर रेवाला विचारावे, तिला सवय आहे. सोमवारी जो सांधा निघेल, तोही तपासणी झाल्यावर विद्यार्थ्यांसाठी त्यांनाच द्यावा. तशी संमती मी इस्पितळात दिली आहे.

कलम ४. फडताळातल्या बिस्किटांच्या डब्यात अर्ध्या राहिलेल्या प्रतिजैविकांच्या पट्ट्या आहेत. होय, माझ्याच घरात. त्या कोणीही घेऊ नयेत, मोलकरणीला तापात देऊ नयेत, औषधाच्या दुकानात परत कराव्यात. याची मला लाज वाटते, एवढे नमूद करते.

कलम ५. डॉ. सत्यजीत गुप्ते, माझे त्या वेळचे विभागप्रमुख. माझ्या प्रयोगाची छायाचित्रे त्यांनी एका परिषदेत "आमच्या विभागात आढळले" असे म्हणून दाखवली. माझे नाव घेतले नाही. तीस वर्षे मी त्यांच्याशी फक्त नमस्कारापुरती बोलले. त्यांना काही द्यायचे नाही, त्यांच्याकडून काही घ्यायचेही नाही. हे लिहिताना मला दिसते आहे, की त्यांच्यावरचा राग मी इतका जपला, कारण तो असेपर्यंत मला स्वतःकडे बघावे लागत नव्हते. ते पुढच्या कलमात.

कलम ६. भामा शिवा घरत, राहणार जासई. नवरा मिठागरात कामाला. ही १९८६ साली आमच्या विभागात काचसामान धुण्यासाठी रोजंदारीवर लागली. शिक्षण चौथी. आम्लाने तिच्या बोटांची टोके पांढरी पडत. तिने धुतलेली परीक्षानळी उजेडात धरली, तर हातात काही आहे असे वाटत नसे. एकदा सलाइनची जुनी नळी माझ्यापुढे धरून ती म्हणाली, "बाई, तीनदा धुतली. पानी निगून जातं, पन ही बुलबुल जात नाय. हिनं आत घर केलंय." पुढे जाडजूड ग्रंथांत मी या थराच्या पुष्कळ व्याख्या वाचल्या. वर्गात मात्र तिचीच सांगत असे, आणि कुणाची ते सांगत नसे.

१९९४च्या ऑगस्टमध्ये गावातल्या एका इस्पितळातून रुग्णांच्या लघवीच्या नळ्या आमच्याकडे आल्या. तपासणीत औषध लागू पडायचे, रुग्णाला पडत नव्हते. मी ते जंतू काचेच्या पट्ट्यांवर वाढवले. ज्या मात्रेला पाण्यातले सुटे जंतू दिवसभरात मरत, त्याच मात्रेत पट्ट्यांवरचे जिवंत राहिले. बेचाळीस पट्ट्या, बेचाळीसही तशाच. डॉ. गुप्ते आले, बघितले आणि म्हणाले, "काचा धुतल्याच नसतील. तुमच्या त्या बाईला विचारा."

मी विचारलेसुद्धा नाही. त्याच दुपारी शेरा लिहिला: परिचर भामा घरत यांच्या हलगर्जीमुळे प्रयोग वाया गेला. सहीसाठी तिच्यापुढे ठेवला. शब्दांखाली बोट फिरवत तिने तो पुरा वाचला.

"बाई, मी धुतल्या. तुमी बगितल्या व्हत्या."

"मग जंतू कुठून आले?" मी म्हणाले.

तिने अ‍ॅप्रन खुंटीला अडकवला आणि ती गेली.

पुढचे अकरा आठवडे मी स्वतः काचा धुतल्या. माझीही बोटे पांढरी पडली. दर वेळी तोच निकाल. जंतू बाहेरून आलेच नव्हते. आम्हीच वाढवलेले, थरात तग धरून राहिलेले होते. माझ्या आयुष्यातला सगळ्यांत मोलाचा निकाल तो. जगात इतरांनी तो आधीच मांडला होता हे मला नंतर कळले, आमच्याकडे ती नियतकालिके येत नव्हती. पण त्या दिवशी आनंद कसला, मी वही मिटली. मी एसटीने जासईला गेले. भामा अंगणात भात पाखडत होती.

"भामा, उद्यापासून ये."

"सापडलं का, जंतू कुठून आलं ते?"

"आधीपासून तिथेच होते. औषधाने मेलेच नव्हते."

"मंजे काचा साफ व्हत्या."

"हो."

ती दुसऱ्या दिवशी आली. मी माफी मागितली नाही. शेराही मागे घेतला नाही. घ्यायचा तर माझी चूक प्राचार्यांना लिहून द्यावी लागली असती, आणि तेव्हा माझ्या बढतीचे चालले होते. त्या शेऱ्यामुळे कायम करायच्या यादीतून तिचे नाव गेले, ते २००१ साली परत आले. सात वर्षे. शोधनिबंधात मी इस्पितळाचे आभार मानले, पाणीपुरवठ्याच्या कचेरीचेही मानले. तिचे नाही. त्यानंतर माझ्या निवृत्तीपर्यंत ती माझ्या शेजारी उभी राहून काम करत होती. तिने तो विषय कधी काढला नाही.

गेल्या आठवड्यात ती माझा गुडघा बघायला आली. मी म्हटले, "भामा, माझ्या पाटल्या तुझ्या नावाने लिहिते."

"मना काय करायच्यात? दुमजली घर हाय, सुनंकडं पाटल्या हायेत. तवा तुमी कागदावर लिवलं व्हतं. आता बी कागदावरच लिवा."

"लिहिते. मृत्युपत्रातच लिहिते."

"तुमी गेल्यावर कोन वाचनार, नि मी तरी असंन का? आज लिवा, बाई."

रेवा शेजारीच बसली होती. तिला यातले काहीच ठाऊक नव्हते. ती उठली आणि तिनेच कोरा कागद आणून दिला.

म्हणून पूर्ण शुद्धीवर जाहीर करते, की ऑगस्ट १९९४मध्ये भामा घरत यांनी धुतलेल्या बेचाळीसही काचा स्वच्छ होत्या. माझा शेरा खोटा होता आणि तो खोटा आहे हे मला नोव्हेंबर १९९४पासून माहीत होते. हेच निवेदन मी परवा वॉकर घेऊन, रेवासोबत, स्वतः महाविद्यालयात दिले. ते भामाच्या सेवापुस्तकात लावावे असा अर्ज जोडला. शिक्क्याची पोच भामाकडे आहे. पाटल्या रेवाला.

या मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणून रेवाला नेमते. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

वकील परेश देवधर यांनी सांगितले, की ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. भामाला यात काहीच मिळत नाही, म्हणून तिला बोलावले. ती आज सकाळी जासईहून आली. सही करण्याआधी तिने सगळी पाने शब्दांखाली बोट ठेवून वाचली. आम्ही सगळे थांबलो. वकिलांनी साक्षीदारांच्या कागदावर तिच्या नावापुढे 'गृहिणी' असे लिहून आणले होते. तिने ते खोडायला लावले.

मृत्युपत्र करणार: कुमुद विनायक टिपणीस (सही)

आम्हा दोघांसमोर बाईंनी सही केली आणि त्यांच्यासमोर आम्ही केली:

१. डॉ. निनाद पाटणकर, वैद्यकीय व्यवसाय, नवीन पनवेल (सही)

२. भामा शिवा घरत, वय पासष्ट, प्रयोगशाळा परिचर (कायम), निवृत्त, जासई (सही)

नवीन पनवेल, गुरुवार, २० नोव्हेंबर २०२५