दोन्ही गाड्या सुनेच्या नावे

मी, वय वर्षे त्र्याहत्तर, पती हयात नाहीत, मोटारींच्या गाद्या आणि कापडी छते शिवण्याचा व्यवसाय सेहेचाळीस वर्षे केला, हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या बुद्धीने लिहून ठेवते. स्मरणशक्ती शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघ्यांबद्दल त्यांनी काही लिहिलेले नाही.

१. राहते घर आणि बँकेतील ठेवी माझ्या मुलास मिळाव्यात.

२. शिवणयंत्र, जाड सुया व उरलेले चामडे धाकट्या बहिणीस द्यावे. तीस वर्षे तिचा त्या यंत्रावर डोळा आहे. तिने त्यावर पिशव्या शिवाव्यात, गाडीचे छत शिवू नये. तिची शिवण पावसात टिकत नाही. हे मी तिला तोंडावर कधी सांगू शकले नाही.

३. माझ्याकडे दोन जुन्या ब्रिटिश गाड्या आहेत: हिरवी लँड रोव्हर आणि एमजीची उघडी, दोन आसनांची गाडी. दोन्ही माझ्या पूर्वीच्या सुनेस द्याव्यात. तिचा व माझ्या मुलाचा घटस्फोट झाला असल्याने कायद्याने तिला माझ्याकडून काहीही मिळणार नाही. हे मृत्युपत्र मुख्यतः त्यासाठी आहे.

४. कारणे देणे बंधनकारक नाही, असे वकील म्हणाले. तरी देते.

मी आणि सून लँड रोव्हर पाहायला गेलो तेव्हा सुनेच्या लग्नाला महिना झाला होता. गाडीची मालकीण गुरांची डॉक्टर, निवृत्त. मी नेहमीप्रमाणे फडक्यात गुंडाळलेले चुंबक काढले. पत्रा गंजून तिथे पुट्टी भरलेली असेल तर चुंबक धरत नाही. उघड्या गाड्या मी अशाच पारखत आले. दारावर लावले, घसरले. मागच्या बाजूला लावले, घसरले. मी सुनेला बाजूला घेतले.

"सगळी पुट्टी आहे. चल."

"आई, सगळीच पुट्टी असेल तर ती उभी कशी राहिली?" तिने बोटाच्या पेराने दार वाजवले. "ॲल्युमिनियम आहे हो. पातेल्यासारखं वाजतंय."

हसू लपवायला मालकीणबाईंनी कुत्र्याला हाक मारली. कुत्रा त्यांच्या पायाशीच बसला होता.

मग सून नव्या कपड्यांनिशी गाडीखाली शिरली. सांगाडा लोखंडाचा असतो आणि गंज लागतो तो तिथे. तिने हातोडी मागितली. मी दिली आणि ऐकत उभी राहिले. एकही ठोका बसका निघाला नाही. ती बाहेर आली तेव्हा कपाळाला वंगण लागले होते. "घ्या," म्हणाली. घरी तिने चुंबकाबद्दल अवाक्षर काढले नाही. ती गोष्ट आज प्रथम कागदावर येते आहे.

त्यानंतर दर रविवारी सकाळी आम्ही गाड्या पाहायला जाऊ लागलो. आजवर एक्केचाळीस पाहिल्या, एक घेतली. घेताना परवडली आणि वर्षभरात दारात उभी राहून सडली, अशी गाडी आम्हाला नको होती. जाहिरात मी वाचायची, अर्थ तिने सांगायचा. "किरकोळ काम बाकी," मी वाचायचे. "इंजिन," ती म्हणायची. "फारशी वापरलेली नाही." "उंदीर."

घटस्फोट झाला तेव्हा वाटले, हे आता संपले. पुढच्या रविवारी ती दारात हजर.

"आई, एक पाहायला जायचंय. मालक म्हणतो, एकदम टकाटक."

"मग जुने कपडे घालून आलीस ना?"

आली होती. एमजी त्याच दिवशी मिळाली. जमिनीला टेकल्यासारखी बसकी, लांब नाकाची. तिचे छत मी शिवले, इंजिन तिने उघडले. मी माझ्या धंद्यात पुष्कळ कारागीर पाहिले. न कळणारी गोष्ट "कळत नाही" म्हणून परत उघडून बघणारी तीच एक.

५. गेल्या वर्षी मी दवाखान्यात असताना मुलाने गाड्यांचे भाग सुटे करून विकणाऱ्या एका माणसाला घरी आणले. सुनेला कळले, ती आली. "तुझा काय संबंध?" मुलाने विचारले. "बॅटऱ्या मी काढून नेल्यात, गाड्या हलणार नाहीत. संबंध आईंना विचार." त्याने मला विचारले नाही.

६. वरील मजकूर मी काल मुलाला वाचून दाखवला. तो भांडेल, अशी माझी तयारी होती.

"गाड्या तिच्याच आहेत," तो म्हणाला. "सही कुठे करू सांग. पण गाडी पाहायला मला कधी नेलंस?"

"एकदा नेलं होतं. तू नुसता रंग बघत बसलास."

"मी नऊ वर्षांचा होतो, आई."

हे खरे आहे.

येत्या रविवारी एक गाडी पाहायची आहे. मुलाला सोबत आणू का, असे मी सुनेला फोन करून विचारले. ती म्हणाली, "येऊ दे. पण मागे बसेल."

तो येतो म्हणाला आहे. यामुळे कलम ३ मध्ये कोणताही बदल होत नाही.

ठिकाण: माझे शिवणकामाचे दुकान, कापणीचे टेबल
दिनांक: नऊ मार्च दोन हजार तेवीस

लिहून ठेवणारी: (सही)

आमच्या समक्ष सही झाली, सही करणारी पूर्ण शुद्धीत होती:
साक्षीदार १: शेजारचा चष्मेवाला (सही)
साक्षीदार २: दाखला देणारे डॉक्टर (सही)

वाचले. मान्य आहे: मुलगा (सही)