विहिरीवरची फटफटी

राजुरी, ता. जुन्नर
१८ एप्रिल २००१

तीर्थरूप दाजींना,

सावळारामचा दंडवत. अक्कालाही सांगा. तुमची गुडघेदुखी उतरली असेल. नसेल तर निदान दुसऱ्या गुडघ्यात गेली नसेल, अशी आशा करतो. इकडे सर्व मंडळी ठणठणीत आहेत. म्हणजे मोडायचं होतं ते मोडून झालं आहे, नव्याने मोडावं असं घरात फारसं उरलेलं नाही.

पत्रास कारण की, दाजी, गेला आठवडाभर या घरात मला गाळलेला चहा मिळालेला नाही. कर्त्या पुरुषाने, घरात दुधाची गाय असताना, चहाची पत्ती दातांनी अडवत किती दिवस काढावेत? ग्रामपंचायतीत दाद मागावी तर तिथला चहा याहून वाईट. आमची गाळणी शेतीच्या सेवेत रुजू झाली आहे. तुमचा धाकटा मेहुणा भरत याने ती ठिबकच्या टाकीच्या तोंडाला तारेने बांधली. (विकतचा फिल्टर महाग पडतो म्हणे. माझे दात फुकटचे.) नारायणगावला शेतीचं प्रदर्शन बघून आल्यापासून घरातली वस्तू तिचं नेमून दिलेलं काम करताना त्याला बघवत नाही. आईच्या लोखंडी खाटेचे दोन पाय तण काढायच्या कोळप्याला गेले. आई आता उतारावर झोपते. माझ्या सायकलचं पुढचं चाक कोळप्याच्या पुढे लागलं. (उरलेली सायकल मी अजून दारात उभी करतो. पावण्यांना वाटावं, चाक पंक्चरला दिलंय.)

हे सगळं फोनवर सांगितलं असतं. पण आळेफाट्याच्या बूथवाल्या रमणलालशेठना आपलं बोलणं ऐकून आपल्या आधी हुंकार द्यायची सवय आहे, आणि पुढची हकीगत त्यांच्या हुंकाराला झेपणारी नाही.

तर आमचा टोमॅटो ऐन फुलात आहे. विहिरीचं पाणी खाली गेलं आणि मोटारीच्या पाइपाचं टोक, ज्याला आपल्याकडे सगळे फुटबॉल म्हणतात, ते पाण्याच्या वर लोंबकळायला लागलं. मोटार नुसती हवा ओढत होती. आणखी दोन दिवस पाणी नाही तर फूल गळणार, म्हणजे अख्खा हंगाम गेला. उपाय साधा: कोणीतरी आत उतरून पाइपाला एक तुकडा जोडायचा. पण आमच्या विहिरीच्या पायऱ्या निम्म्यातच संपतात. पुढचं खोदकाम वडिलांनी नंतर केलं आणि पायऱ्यांचं राहून गेलं. पुढे दोराशिवाय गत्यंतर नाही. एरवी दोर धरायला शेजारची माणसं येतात. आज माझ्या विहिरीवर तुम्ही, उद्या तुमच्या विहिरीवर मी, आपली सावड. मात्र ही माणसं गोळा करतो रखमाजी, आमचा बांधाला बांध लागलेला शेजारी, आणि रखमाजी माझ्याशी बोलत नाही. त्याने हौसेने स्वतःच्या हाताने बांबूची कांदाचाळ बांधली, तिला मी चारचौघांत जत्रेतला मोडका पाळणा म्हणालो. (मी एकदाच म्हणालो. गाव रोज म्हणतं, त्याला मी काय करू?)

"दादा, माणसं कशापायी पायजेत? आपल्याकडं यंत्र हाय," भरत म्हणाला.

यंत्र म्हणजे एक फटफटी. तिचा मागचा टायर काढला, ती विहिरीच्या काठाशी स्टँडवर चढवली, उघड्या रिंगवर दोर गुंडाळला आणि तो कप्पीवरून आत सोडला. दोराच्या टोकाला टोमॅटोचं प्लॅस्टिकचं कॅरेट. उतरताना इंजिन बंद, नुसता ब्रेक सैल करत जायचं. चढताना पहिला गिअर टाकायचा. दगडांचं पोतं खाली-वर करून पाहिलं. उत्तम चाललं. मग भरत माझ्याकडे बघायला लागला.

माणूस बसायचा म्हटल्यावर नारळ फोडल्याशिवाय मी कॅरेटला हात लावणार नव्हतो. भरत नको म्हणत होता. पण घरात थोरला मी. नारळ फोडायला दगड शोधला, तर शिवारातले सगळे दगड फटफटी हलू नये म्हणून स्टँडला बांधलेले. तेव्हा मी तो इंजिनावरच फोडला. पाणी चांगलं भरपूर होतं. आईने हळदकुंकू वाहिलं आणि मी देवाचं नाव घेत खाली गेलो.

पाइप जोडला. वर हाक मारली. भरतने किक मारली, आणि इंजिन नुसतं शिंकलं. पुन्हा मारली, तेवढंही नाही. उतरताना इंजिन लागतच नाही, त्यामुळे नारळाचं पाणी प्लगात जाऊन बसल्याचं आम्हाला मी खाली पोचल्यावर कळलं. प्लग पुसायला भरत उठला, तशी फटफटी दगडांसकट विहिरीकडे सरकली. मी पोत्यापेक्षा जड भरलो होतो. तो पुन्हा मटकन बसला. म्हणजे आता तो बसला होता म्हणून मी लोंबकळत होतो, आणि मी लोंबकळत होतो म्हणून त्याला उठता येत नव्हतं. आणखी खाली सोड म्हणावं तर दोर संपलेला. पायाखाली दोन पुरुष उंचीचं मोकळं, मग गुडघाभर पाणी, आणि त्यात सुरुंगाने फोडलेला खडक, वर टोकं करून. त्या वेळी कॅरेटचा एक कोपरा कट् वाजला.

दाजी, मी गावात पुष्कळ बोलतो, पण तिथे शब्दाचंही वजन पडेल असं वाटत होतं.

आई धावत गेली आणि ज्याला आणायचं नव्हतं त्यालाच घेऊन आली. रखमाजीचं डोकं काठावर दिसलं. मग त्याच्या बायकोचं, अंबाबाईचं.

"कोन हाय आत?"

"सावळाराम," आई म्हणाली.

"माज्या चाळीला पाळणा म्हनला, त्यो?"

"त्योच रं बाबा."

"मंग बसू द्या की वाईच पाळण्यात."

"आवं, मस्करी पुरं," अंबाबाई कडाडली. "मानूस पडंल ना!"

पण हे म्हणेपर्यंत त्याने बैल सोडून आणलेही होते. आमच्या जुन्या मोटेचं चाक अजून काठावर आहे, त्यावरून त्याने आपला दोर टाकला. तो मी काखेखाली बांधला. गाठ आवळली आणि कॅरेटचा तळ खाली गेला. तो पाण्यात पडल्याचा आवाज यायला फार वेळ लागला. बैल मोटेच्या उतारावरून, धावेवरून, एकेक पाऊल टाकत निघाले, मी भिंतीला हात लावत वर येत होतो. कधी नव्हे ते सगळं ठीक चाललं होतं. माझा भार उतरल्यावर फटफटी स्थिर झाली, म्हणून भरतने उठून प्लग पुसला आणि आनंदाने किक मारली.

सायलेन्सर त्याने आधीच दुसऱ्या कामाला वापरला आहे. तोफ उडाल्यासारखा आवाज झाला, बैल उधळले, आणि उरलेली विहीर मी एका दमात चढलो. काठावर माझा जो भाग घासला, त्यामुळे हे पत्र उभ्याने लिहितो आहे. रखमाजीने बैल आवरले, मला उलटापालटा करून पाहिलं, "जित्ता हाय," असं आईला सांगितलं आणि चहा न घेता गेला. (गाळलेला नव्हता, त्यामुळे आग्रह करता आला नाही.) फूल मात्र वाचलं. ठिबकला पाणी चाललं आहे.

अशी यंत्रं घरात आणू नयेत, हे सांगण्यासाठीच हा पत्रप्रपंच. अक्काला जपा.

आपला,
सावळाराम

ता. क. : पुण्याला राहायला जाताना तुम्ही तुमची फटफटी आमच्याकडे ठेवलीत आणि 'अधूनमधून चालू करीत जा' म्हणालात. चालू आहे.

ता. क. २ : टोमॅटो निघेपर्यंत ती विहिरीवरच राहू द्यावी, ही विनंती. भरत आता स्टँडला मोठे दगड बांधणार आहे. नारळ बाजूला फोडू.

ता. क. ३ : पत्र टाकायला निघालो, तर वाटेत रखमाजीच्या विहिरीचा गाळ काढणं चाललं होतं. दोरावर तिघंच, चौथी जागा रिकामी. पायताणं काढून मी दोर धरला. दिवे लागायच्या सुमाराला त्याने तंबाखूची चंची पुढे केली, मी चिमूटभर घेतली. पत्र खिशातच राहिलं होतं, भिजलं आहे. अक्षर लागत नसेल तिथे अंदाजाने वाचा.